सहावा बोल्ट

आमच्या धंतोलींतील घराच्या आवारांत, कडुनिंबाखालीं, एक मॅटाडोर गाडी कित्येक वर्षें उभी होती. रस्त्यानें जाणाऱ्यास ती भंगाराच्या वाटेवरील गाडी दिसे. आम्हांस मात्र ती एके काळचें घर दिसे. बाबांनीं ती १९८८ सालीं जुनी म्हणून विकत घेतली, तिच्या मागील भागांतील बांकें काढून टाकलीं आणि त्या जागीं समोरासमोर दोन पेट्यांच्या बैठका, घडीचें मेज, स्टोव्हकरितां पत्र्यानें मढविलेला कोनाडा, पाण्याची टांकी व भांड्यांचें कपाट असा एक आटोपशीर संसार बसविला. उन्हाळ्याच्या सुटींत आम्ही भावंडें तिच्यांतून चिखलदऱ्यास, पचमढीस आणि एकदां तर थेट गणपतिपुळ्यापर्यंत जाऊन आलों. हल्लीं अशा गाडीस 'कॅरव्हॅन' म्हणतात व पर्यटनाच्या जाहिरातींत तिचीं रंगीत चित्रें येतात. त्या काळीं आमच्या गल्लींत तिला 'बिऱ्हाडगाडी' म्हणत, आणि त्या म्हणण्यांत थोडी थट्टा असे.

ज्या तरुण वाचकांनीं मॅटाडोर पाहिली नसेल त्यांच्याकरितां दोन शब्द सांगणें अवश्य आहे. नवलमल फिरोदिया यांनीं १९५८ सालीं जर्मनीच्या टेम्पो कारखान्याच्या सहकार्यानें जी 'बजाज टेम्पो' कंपनी काढली तिची ही गाडी. २००५ सालीं कंपनीनें 'फोर्स मोटर्स' हें नांव धारण केलें. परंतु त्यापूर्वींच 'टेम्पो' व 'मॅटाडोर' हे दोन्ही शब्द महाराष्ट्रांत सामान्यनामें होऊन बसले होते. शाळेचीं मुलें, लग्नाचें वऱ्हाड, गणपतीची मूर्ति, भाजीच्या पाट्या, जें म्हणून कांहीं वाहावयाचें तें तिनें वाहिलें आहे. संसारहि तिनें वाहिला असेल तर त्यांत नवल मानण्याचें कारण नाहीं.

बाबा गेल्यावर गाडी बसली ती बसलीच. धाकटा भाऊ पुण्यास असतो. त्याचें म्हणणें सरळ होतें. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनंतर दर पांच वर्षांनीं तपासणी करवून नवी करावी लागते. ती आम्हीं चुकविली. तेव्हां गाडी कबाड्यास देऊन जागा मोकळी करावी, हेंच शहाणपणाचें. इतवारीकडील एका कबाड्यानें येऊन गाडीस एक प्रदक्षिणाहि घातली व वजनावर भाव सांगितला. त्या वेळीं आई कांहीं बोलली नाहीं. रात्रीं जेवतांना मात्र म्हणाली, "तिच्यातून एकदां रामटेकपर्यंत तरी नेशील का रे मला?" आईचें वय ब्याऐंशी वर्षांचें आहे, आणि रामटेक नागपुराहून पन्नास किलोमीटरांच्या आसपास. एवढ्याशा मागणीस नकार देण्याचें धैर्य आम्हांस झालें नाहीं. भावाशीं बोलणें होऊन असें ठरलें कीं, पाऊस लागण्यापूर्वीं आंतील कुजलेली जमीन व लांकूडकाम निघून नवी जमीन बसली तर गाडी राहील. न बसली तर कबाड्याचा भाव कबूल. एंजिनाचें काम एका कारागिरानें पत्करलें. आंतला भाग आम्हीं स्वतः पत्करला. कारण तो आम्हांस सोपा वाटला.

लांकडास, पत्र्यास व ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांस मिळून दोनशेंहून अधिक स्क्रू, रिव्हेट व बोल्ट होते. एप्रिल सरत आला होता. नागपुरचा मे महिना ज्यांनीं अनुभविला आहे त्यांस सांगावयास नको कीं, पारा ४५ अंशांकडे निघाला म्हणजे गाडीच्या पत्र्यास हात लावणें आणि तव्यास हात लावणें यांत फरक राहत नाहीं. म्हणून पहाटे साडेपांचपासून नऊपर्यंत एवढीच कामाची वेळ. पहिल्याच सकाळीं आम्हीं सात स्क्रूंचीं डोकीं बिघडविलीं व एकहि काढला नाहीं. पेचकस घेतला, खाचेंत टेंकविला, जोर केला. पेचकस निसटला, खांच झिजली. पुन्हां जोर केला. उरलीसुरली खांचहि गेली. आठव्या स्क्रूवर आम्ही थांबलों, तें शहाणपण सुचलें म्हणून नव्हे, तर तळहातास फोड आला म्हणून.

आमच्या ओळखीचे एक वृद्ध मिस्त्री आहेत. मोतीबागेच्या रेल्वे कारखान्यांत त्यांनीं लहान गेजच्या डब्यांचें सुतारकाम केलें. नागपूर-छिंदवाडा मार्गावरील ती लहान गाडी २०१५ सालीं बंद झाली, पण मिस्त्रींच्या बोलण्यांत ती अद्याप चालू आहे. त्यांनीं आमचे सात बळी पाहिले व चष्मा पुसला. "घाई असन तर माह्याकडे येऊ नका साहेब," ते म्हणाले. "आधी खाच साफ करा. रंग बसला हाये तिच्यात. पेचकस खाचेत बसतच नाही, तर फिरन कसा?" नंतर त्यांनीं एका जुन्या दाभणानें खाचेंतील रंगाची व मळाची पुटें टोकरून काढलीं, खाचेच्या लांबीरुंदीचा पेचकस निवडला, त्याच्या मुठीवर हातोडीचा एक बेताचा ठोका दिला, आणि आम्हांस आश्चर्य वाटलें तें हें कीं, स्क्रू सोडविण्याऐवजीं प्रथम किंचित् आवळला. "एकदम सोडवाले गेलं का तो आडतेच. आधी जरासं आवळा, मंग ढिला करा." स्क्रू कुरकुरला, आणि निघाला.

यांतील मर्म आम्हांस पुढें समजलें. गंज हा लोखंडापेक्षां कितीतरी अधिक जागा व्यापतो. म्हणून गंजलेला स्क्रू आपल्या भोंकांत फुगून पाचरीसारखा बसतो. त्याला उलट्या दिशेनें एकदम पिळण्यापेक्षां आधी थोडा हालवून ती गंजाची पकड मोडावयाची असते, मग ती कोणत्या का दिशेनें मोडेना. ठोक्यानें तेंच होतें. तेलानेंहि तेंच होतें, पण तेलास वेळ द्यावा लागतो. रॉकेल व एंजिनाचें तेल समभाग करून आम्हीं संध्याकाळीं एकेका डोक्याभोंवतीं थेंब सोडीत असूं व सकाळीं पाहत असूं. कांहीं स्क्रूंनीं एका रात्रींत ऐकलें, कांहींनीं चार रात्री घेतल्या. लांकडांतील हट्टी स्क्रूच्या डोक्यावर डाख देण्याची तापलेली इस्त्री दोन मिनिटें धरिली कीं, तो आंतून फुगून लांकूड थोडें दाबतो, व थंड झाल्यावर आकसून सैल पडतो. मात्र जेथें तेल सोडलें तेथें इस्त्री लावूं नये. आम्हीं एकदां लाविली. धूर निघाला, आणि घरांतून ज्या प्रश्नांची सरबत्ती झाली तिचें वर्णन येथें करीत नाहीं.

एक गोष्ट लवकरच ध्यानांत आली. जेथें बाबांनीं साग वापरला होता तेथील स्क्रू जवळजवळ विनातक्रार निघाले. सागाच्या अंगीं जें तेल असतें तें लोखंडास गंजूं देत नाहीं; जहाजें बांधणारे लोक हें फार पूर्वींपासून जाणून आहेत. बल्लारशाच्या डेपोंतून आणलेल्या त्या फळ्यांतून निघालेले स्क्रू चाळीसेक वर्षांनंतरहि हातांत घेऊन पाहावे असे होते. याच्या उलट ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांची गत. लोखंडी स्क्रू व ॲल्युमिनियम यांच्यामध्यें पाऊसपाण्याचा ओलावा शिरला कीं, दोन धातूंमध्यें एक सूक्ष्म विद्युत्-व्यवहार सुरू होतो व त्यांत ॲल्युमिनियम झिजून त्याची पांढरी भुकटी होते; ती आट्यांमध्यें चुन्यासारखी घट्ट बसते. चमकदार पट्टीच्या मोहानें जेथें जेथें सागाची जागा ॲल्युमिनियमनें घेतली होती, तेथें तेथें आम्हीं घाम गाळला.

दुसरी अडचण मापांची निघाली. गाडी कारखान्याची, म्हणून तिचे मूळचे बोल्ट मिलिमीटरचे. पण बाबांनीं जें सामान इतवारींतून आणलें तें इंच-सुताचें. आपल्या देशानें दशमान मापें १९५६ च्या कायद्यानें स्वीकारलीं, तरी सुतार अद्याप 'तीन सूत' म्हणतो आणि दुकानदारास तें कळतें. इंग्लंडांत जोसेफ व्हिटवर्थ यानें १८४१ सालीं सर्व कारखान्यांच्या आट्यांस एक माप असावें असें सुचविलें, आणि त्याचे ते ५५ अंशांचे आटे रेल्वेबरोबर आपल्याकडेहि आले. एकाच गाडींत दोन युगें अशीं शेजारीं शेजारीं आवळलेलीं असलीं म्हणजे फसगत ठरलेली. अर्ध्या इंचाच्या नटावर १३ मिलिमीटरचा पाना बसतो असें वाटतें. अंतर असतें तें अवघें तीनदशांश मिलिमीटर. पण जोर केला कीं, तेवढ्या अंतरांत पाना घसरतो व नटाचे कोपरे गोल होतात. असे तीन नट आम्हीं गोल केले.

येथपर्यंत जे सांगितले ते न हालणारे. पण कामांत मुरल्यावर आम्हांस कळलें कीं, न हालणाऱ्यापेक्षां नुसता फिरणारा अधिक वाईट. पेचकस लावावा, स्क्रू लोण्यांतून फिरावा तसा गरगर फिरावा, आपण हर्षित व्हावें, आणि पंचवीस फेरे झाले तरी तो केसभरहि वर येऊं नये! आमच्या गाडीचा एंजिनवाला कारागीर अशा स्क्रूस 'इसकी चूडी मर गयी' म्हणतो. आपण ज्यांस आटे म्हणतों त्यांस हिंदींत चूडी म्हणतात. मराठी आट्यांत पीळ आहे, हिंदी चुडींत वळें आहे, आणि आम्हांस तो हिंदी शब्द अधिक आवडला. लांकडांत चूडी मेली असेल तर उपाय सोपा. डोक्याखालीं पटाशीचें पातळ टोंक सरकवून स्क्रूवर वरचा ताण ठेवावा व त्याच वेळीं उलटें फिरवावें. तो निमूटपणें वर येतो. पुढें त्या भोंकांत बांबूच्या काड्या सरसांत बुडवून ठोकल्या म्हणजे नवा स्क्रू पुन्हां पकड घेतो. रिव्हेटचीहि तीच कथा: ड्रिलच्या पात्याबरोबर रिव्हेटच फिरूं लागला तर पातें कितीहि तीक्ष्ण असो, कापावयाचें कांहीं राहत नाहीं. त्याचें डोकें पकडीनें किंवा खालीं सारलेल्या पात्यानें धरून ठेवावें लागतें. थोडक्यांत, जो अडला आहे त्याला हालवावयाचें, आणि जो फिरतो आहे त्याला धरावयाचें. आमची सगळी घाई हे दोन उपचार उलटेपालटे करण्यांत खर्ची पडली होती.

घाईचा एक डाग अजून तेथें आहे. भांड्यांच्या कपाटाचा एक स्क्रू निघेना, तेव्हां मिस्त्री येईपर्यंत थांबण्याचें सोडून आम्हीं ग्राइंडर चालविला. स्क्रूचें डोकें उडालें. त्याबरोबर सागाच्या कडेवर वीतभर काळी खांच पडली. मिस्त्रींनीं ती पाहिली, बोट फिरविलें, आणि ते आपल्या लहान गाडीविषयीं बोलूं लागले. रागावले असते तर बरें झालें असतें.

मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यांत सर्व निघालें. राहिल्या फक्त दोन पेट्यांच्या बैठका, व त्या जमिनीस सहा बोल्टांनीं जखडलेल्या. बोल्ट ट्रकच्या फळ्यांस लावतात त्या जातीचे होते: वरचें डोकें गुळगुळीत घुमटासारखें, त्यास खांच नाहीं, डोक्याखालीं चौकोनी मान. नट आवळतांना ती मान लांकडांत रुतते आणि बोल्टास फिरूं देत नाहीं, ही त्यांतली युक्ति. पण लांकूड कुजलें म्हणजे मानेभोंवतींचा चौकोन गोल होतो, आणि खालून नट फिरविला कीं, वर बोल्टहि त्याच्याबरोबर फिरतो. पांच बोल्ट असेच फिरत होते. त्यांच्या घुमटांवर करवतीनें आडवी खांच पाडली, एकानें वरून रुंद पेचकसानें धरलें, दुसऱ्यानें खालून पाना चालविला, आणि दोन सकाळींत पांचहि निघाले. सहावा मात्र उजव्या बैठकीच्या मागील कोपऱ्यांतला. त्याचा नटच सांपडेना. गाडीखालीं पोतें टाकून आम्ही उताणे निजलों, बॅटरी फिरविली. बोल्टाचें टोंक जेथें दिसावयास पाहिजे तेथें सांगाड्याची एक आडवी लोखंडी पट्टी. त्याच्या अगदीं शेजारून डिझेलची नळी गेलेली. म्हणजे ग्राइंडर नाहीं, आंच नाहीं, ठिणगी नाहीं. पुण्याहून भावाचा रोज सायंकाळीं फोन येई. आरंभीं तो "किती राहिलं?" असें विचारी, या आठवड्यांत "सहावा निघाला का?" असें विचारूं लागला.

पांचव्या दिवशीं आई पन्ह्याचे पेले घेऊन अंगणांत आली. आम्ही गाडीखालून बाहेर येत होतों. तोंड काजळीनें भरलेलें. "काय शोधून राहिला आहेस?" तिनें विचारलें. आम्हीं सांगितलें.

"मागचा, उजवीकडचा? तो खालून नाहीं दिसायचा. त्या आडव्या पट्टीच्या वर आहे, पट्टी आणि फळी यांच्या फटींत. आणि एक नट नाहीं, दोन आहेत एकावर एक. हादऱ्यानें सुटूं नये म्हणून." मग थोडें थांबून म्हणाली, "तुझा मिलिमीटरचा पाना नको लावूंस. त्यांचा अर्ध्या इंचाचा आखूड पाना होता, तो आण."

"तुला कसें ठाऊक?"

"मीच धरला होता ना तो नट. त्यांचा हात त्या फटींत जाईना. मग मी गेलें खालीं. बांगड्या काढून मडगार्डवर ठेवल्या होत्या. त्यांतली एक फुटली."

बाबांच्या तेराव्या दिवशीं जमलेल्या मंडळींस आम्हीं या गाडीची हकीकत सांगितली होती. एका माणसानें, कोणाच्याहि मदतीवांचून, रविवारीं रविवारीं खपून हें घर कसें उभारलें, हें आम्हीं पुष्कळ रंगवून सांगितलें, आणि ऐकणाऱ्यांचे डोळे ओलावले. आई तेव्हां शेजारच्या खोलींत बायकांत बसली होती. मधलें दार उघडें होतें. तें आम्हांस त्या क्षणीं आठवलें.

"तूं कधीं बोलली नाहींस," आम्ही म्हणालों.

"त्यांत काय बोलायचं," आई म्हणाली. "पन्हं घे, गरम होईल."

आखूड पाना बाबांच्या हत्यारांच्या पेटींत तळाशीं सांपडला. आमचा हातहि त्या फटींत जाईना. तो बाबांवर गेला आहे. आमची कन्या सुटीला आली होती, तिला गाडीखालीं पाठविली. आम्ही आंत सहाव्या घुमटावर खांच पाडून पेचकस रोंवून बसलों. आई कडुनिंबाच्या सावलींत खुर्चीवर बसली व तेथून, गाडीखालीं न पाहतां, नातीला सांगूं लागली: "पट्टीच्या वर बोटं ने. अजून मागें. तेथें एक वळलेली कड लागेल, ती सोड. आतां लागला? तो खालचा आधी काढायचा. पाना पुरा फिरणार नाहीं, थोडा फिरव, काढ, उलटा करून पुन्हां लाव." असें करीत सहावा हिस्सा, सहावा हिस्सा, तो खालचा नट सुटण्यास अर्धा तास लागला. वरच्या नटाबरोबर बोल्ट फिरूं लागला तेव्हां आम्ही पेचकसावर सर्व भार देऊन टेंकलों. खालून "आजी, सुटला!" अशी हांक आली. आईनें मान हालविली. ती हांक तिनें पूर्वीं ऐकलेली असावी.

त्या रात्रीं भावाचा फोन आला. आम्हीं त्याला सर्व सांगितलें. तो बराच वेळ कांहीं बोलला नाहीं. नंतर त्यानें नव्या फळ्यांस सागच वापरावा असें सुचविलें व अर्धा खर्च पाठवितों म्हणाला. मिस्त्रींनीं जमीन रोहिणी नक्षत्र सरतां सरतां पुरी केली. पहिला पाऊस गाडीच्या टपावर पडला तेव्हां आंत कोरडें होतें. रामटेकची फेरी अजून व्हावयाची आहे, कारण एंजिनाचा कारागीर दर शनिवारीं आम्हांस सोमवार सांगतो.

पण हें पुढचें झालें. त्या सकाळीं कन्या गाडीखालून निघाली ती कोपरापर्यंत काळी होऊन. तिच्या तळहातावर दोन नट व एक वॉशर होता. ती ते भंगाराच्या डब्यांत टाकणार तोंच आईनें हात पुढें केला. पदराच्या टोंकानें एकेक नट पुसला, त्याच्या आट्यांत फुंकर घातली, करंगळीच्या नखानें आंतून फिरवून पाहिलें, आणि घरांत जाऊन आपल्या बटणांच्या डब्यांत ठेवून दिले. "चांगले आहेत," ती म्हणाली. "नव्या फळीला लागतील."